वेब्लीची मूठ

गेले चार महिने आमच्या घरात एका कागदावरून बोलणी चालू आहेत. कागद साधाच आहे, एका पानाचा. मयत परवानाधारकाची कायदेशीर वारस या नात्याने मी लिहून देते की, अमुक बोरचं, अमुक क्रमांकाचं रिव्हॉल्व्हर माझ्या मुलाच्या नावे करण्यास माझी हरकत नाही. खाली माझी सही, दुसऱ्या प्रतीवर माझ्या मुलीची. नातेवाईक मंडळींनी फोनवर विचारून विचारून मला भंडावून सोडलं आहे, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी जरा मागून सुरुवात करावी लागेल.

रिव्हॉल्व्हर मूळचं मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. वेब्ली अँड स्कॉट कंपनीचं, बर्मिंगहॅमला बनलेलं, .३२ बोरचं, सहा गोळ्यांचं. १९५८ मध्ये त्यांनी ते नागपूरला जुनंच विकत घेतलं. मामाजी कूपाचे ठेकेदार. जंगलातल्या कूपाचा लिलाव घ्यायचा, लाकूड आणि बांबू तोडून घ्यायचा, आणि आठवड्याच्या आठवड्याला मजुरांना चुकारा करायचा. तेव्हा गडचिरोली हा जिल्हा नव्हता, सगळा चांदा जिल्हा. वडसा स्टेशनापर्यंत गोंदिया–चांदा फोर्ट मार्गावरची छोटी गाडी, पुढे बैलबंडी. पिशवीत रोख रक्कम आणि रस्त्यात पंचवीस-पंचवीस मैल माणूस नाही. म्हणून परवाना मिळाला. तो परवाना इंग्रजांच्या १८७८ च्या कायद्याखालचा होता. या कायद्याने हिंदी माणसाला शस्त्रासाठी परवाना सक्तीचा केला होता आणि गोऱ्यांना त्यातून मोकळं ठेवलं होतं. आपला स्वतःचा शस्त्र कायदा १९५९ चा, तो लागू झाला १९६२ मध्ये. मामाजींच्या जुन्या परवान्याच्या पुस्तिकेवर चांद्याचे शिक्के आहेत, मग चंद्रपूरचे, आणि १९८२ नंतर गडचिरोलीचे. इतिहास शिकवायला मला ती वही फार आवडली असती, पण शाळेत न्यायची सोय नव्हती!

मामाजींच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाचं एक पेर आरागिरणीत गेलेलं होतं. वेब्लीच्या मुठीवर मूळच्या काळ्या, कडक रबरासारख्या पट्ट्या होत्या. त्यातली एक फुटली, तेव्हा त्यांनी आरमोरीच्या एका सुताराकडून शिसवीच्या नव्या पट्ट्या करून घेतल्या. सुताराने म्हणे ओल्या मातीचा गोळा त्यांच्या मुठीत देऊन दाबायला लावला आणि त्या मापावर लाकूड कोरलं. त्यामुळे ती मूठ खाली एका बाजूला फुगीर आहे. साबूत पाच बोटांच्या हातात ती नीट बसतच नाही. आमच्या ह्यांच्या हातात ती चाळीस वर्षं बसली नाही, पण ह्यांनी बदलली नाही.

मामाजी गेल्यावर १९८४ मध्ये परवाना ह्यांच्या नावे झाला. तोपर्यंत ठेकेदारी संपत आली होती. १९७४ मध्ये वनविकास महामंडळ आलं, कूपाचे लिलाव कमी होत गेले, आणि हे पूर्णवेळ धानाच्या शेतीकडे वळले. रिव्हॉल्व्हरचं काम उरलं नव्हतं. मात्र देखभाल चालूच होती. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी ओसरीवर जुनी चादर अंथरायची, पोरांना आत पाठवायचं, आणि ह्यांनी वेब्ली उघडायची. हे जुन्या पद्धतीचं रिव्हॉल्व्हर मधून मोडतं. वरचा खटका दाबून नळी खाली वाकवली की चक्राची सहाही घरं एकदम समोर दिसतात. घरं रिकामी आहेत हे हे दोनदा बघत, मग मला बघायला लावत. मग गज, चिंध्या, तेल. तेल माझ्या शिवणयंत्राचं! आमच्या संसारात भांडणं कमी झाली, पण त्या तेलाच्या बाटलीवरून बरीच झाली. शेवटी मी माझी बाटली वेगळी ठेवायला लागले.

घरच्या घरी बंदुकीची निगा म्हणजे आमच्याकडे एवढंच होतं. पुसायचं, तेल द्यायचं, कोरडं करून ठेवायचं. ऐकायला सोपं वाटतं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर घरातल्या मिठाला पाणी सुटतं, पोथ्यांना बुरशी येते. एका पावसाळ्यात हत्यार चामड्याच्या म्यानातच राहिलं आणि नळीवर तपकिरी ठिपके उठले. चामडं ओल धरून ठेवतं आणि कमावताना लागलेली द्रव्यंही त्यात असतात, हे तेव्हा नागपूरच्या मिस्त्रींनी सांगितलं. ठिपके काढायला ह्यांनी पॉलिशपेपर आणलेला होता. मिस्त्री म्हणाले, तो फेकून द्या. नळीवरचा निळसर काळा रंग म्हणजे रंग नव्हेच, तो पोलादावर मुद्दाम आणलेला गंजाचाच एक थर आहे, चांगल्या जातीचा म्हणा. तो घासला की खालचं पोलाद उघडं पडतं आणि वाईट गंज दुप्पट वेगाने येतो. तेलात भिजवलेली चिंधी आणि चिकाटी, बस. पुढचे तीन महिने हे रोज संध्याकाळी रेडिओ ऐकत नळी चोळत बसलेले मला आठवतात.

मिस्त्रींचा उल्लेख आला म्हणून सांगते. शस्त्राची दुरुस्ती करायलासुद्धा आपल्याकडे परवाना लागतो. १९५९ च्या कायद्याच्या पाचव्या कलमात बनवणं, विकणं, तपासणं, दुरुस्त करणं हे सगळं एकाच ओळीत बसवलं आहे. ह्यांनी हे कलम वाचलेलं नव्हतं, पण गावातल्या लोहाराला ते पाठ होतं. मुठीचा स्क्रू एकदा हरवला. साधा स्क्रू. हे तो करून घ्यायला लोहाराकडे गेले. वाकलेलं नांगराचं फाळ हा माणूस बोलता बोलता सरळ करायचा. त्याने रुमालातली वस्तू बघितली आणि हात मागे घेतले. "मालक, कुदळ आना, विळा आना. हे नोको. हे माया भट्टीत आलं का मी जेलात गेलो." स्क्रू शेवटी नागपूरहून आला, दोन महिन्यांनी.

त्याची भीती खोटी नव्हती. आमच्या भागात भरमार म्हणजे ठासणीची बंदूक ही काही नवलाची चीज नाही. रानडुकरांपासून धान वाचवायला शेतकऱ्याला भरमार द्यावी, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. तेराव्या कलमात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. पण परवान्याची एक असली, तर बिनपरवान्याच्या किती, हे कोणी मोजायचं? आडरानातल्या गावांत त्या गावठी कारागिरांनीच बनवल्या. त्यांनी डुकरं मारली, हरणं मारली, कधी बनवणाऱ्याचा किंवा चालवणाऱ्याचा पंजाही उडवला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वनखात्याकडेही नाव नोंदवणं भाग झालं. हेमलकशाला प्रकाश आमटे यांचं प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं, त्याच्या मुळाशीही शिकारीत आई गेलेलं माकडाचं पिल्लूच होतं. अलीकडच्या वर्षांत दुर्गम गावांतले लोक आपल्या भरमार बंदुका आपणहून पोलिसांकडे आणून देताना दिसतात. फोटोत त्या सतरंजीवर ओळीने मांडलेल्या असतात, तारेने बांधलेल्या, एकीसारखी दुसरी नाही. मला त्या बघून नेहमी लोहाराचे मागे घेतलेले हात आठवतात.

१९८० नंतर आमच्या जंगलात दलम आली आणि रिव्हॉल्व्हरचा अर्थच बदलला. मामाजींनी ते घेतलं होतं वाटमाऱ्याच्या भीतीने. आता घरात शस्त्र आहे हीच भीतीची गोष्ट झाली. कोणाच्या घरी परवान्याची बंदूक आहे हे खेड्यात सगळ्यांना माहीत असतं, आणि रात्री येणारे लोक बंदूक मागायलाच येत. आमच्या ओळखीच्या एका घरून अशी बारा बोर नेली. माणसांना हात लावला नाही, पण त्या घरातली म्हातारी पुढे कधी अंगणात झोपली नाही. त्यानंतर ह्यांनी रिव्हॉल्व्हर पोलिसांच्या ताब्यात जमा केलं आणि पावती घेऊन घरी आले. जमा केल्याची बातमी मात्र हे चहाच्या टपरीवर, सोसायटीत, धान भरडायच्या मिलवर, सगळीकडे मोठ्याने सांगत फिरले. तीच खरी राखण होती. वेब्ली अशी कितीतरी वर्षं घराबाहेर राहिली. निवडणुका आल्या की तसंही सगळ्या परवानाधारकांना हत्यारं जमा करायला सांगत. ह्यांना त्याचं काही वाटत नसे, पण महिन्याचा शेवटचा रविवार त्यांना खायला उठायचा. चादर न अंथरताच ओसरीवर बसून राहायचे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती आपल्या साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला, तेव्हा टीव्हीवर ठेवलेली शस्त्रं बघायला हे नव्हते. हे २०२३ च्या दिवाळीनंतर गेले.

परवानाधारक गेला की शस्त्र घरात ठेवता येत नाही. विनाकारण वेळ न लावता ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. दहाव्याच्या आत मुलगा आणि मी जाऊन जमा करून आलो. पुढे काय, हा प्रश्न मग सुरू झाला. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, आणि परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा झाला. मुलाकडे एकही नाही, त्यामुळे ती अडचण नव्हती. २०१६ च्या नियमांत वारसाला परवाना देण्याची स्पष्ट तरतूद आहे. परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा त्याने शस्त्र पंचवीस वर्षं वापरलं, तर तो जिवंतपणीही वारस नेमू शकतो. ह्यांना हे दोन्ही लागू होतं. मी दोनदा म्हटलंही होतं. "बघू," म्हणाले. तर आता बाकीच्या वारसांची संमती हवी. म्हणजे माझी आणि मुलीची.

मुलगा पुण्याला असतो. इंजिनीअर आहे, हाताने काम करण्याची आवड ह्यांच्याकडून आलेली. रविवारी फ्लॅटच्या बाल्कनीत जुनी बजाज स्कूटर उघडून बसतो, सूनबाई कपडे वाळत घालायला जागा शोधत फिरते. त्याला वेब्ली हवी आहे याचा मला आनंदच झाला. पण सही करायच्या आधी त्याने मला लॅपटॉपवर दाखवलं की तो तिचं काय करणार आहे.

आमच्या नात्यातले एक जावई टेक्सासला असतात. त्यांच्या गॅरेजमध्ये एक टेबल आहे, त्यावर कानशी, छोटा दाबयंत्र, पॉलिशचं चाक. जुनं रिव्हॉल्व्हर घ्यायचं, नळी आखूड करायची म्हणजे कमरेला अंगरख्याखाली दिसत नाही, चाप हलका करायचा, निकेलचं पाणी द्यायचं, मूठ नवी. असे व्हिडिओ तो आणि मुलगा एकमेकांना पाठवत असतात. तिकडे हा रविवारचा छंद आहे, स्वतःच्या हत्यारावर स्वतः काम करायला तिथे बहुतेक ठिकाणी कोणाची आडकाठी नाही. आपल्याकडे जसं कोणी फटफटीचा सायलेन्सर बदलतो, तसं. व्हिडिओतला तो म्हातारा अमेरिकन सुंदर काम करतो, हे मी मान्य करते. कानस इतकी हलक्या हाताने चालवतो की मला माझ्या आईची रांगोळी आठवली.

पण मी मास्तरीण पडले, मी यादी करायला बसले आणि मुलाला एकेक विचारलं.

नळी कापणं. कायद्याच्या सहाव्या कलमातच हे आहे: परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करायची नाही. मुलाला हे ठाऊक नव्हतं. त्याला वाटत होतं, आपली वस्तू, आपण कापली. नळी आखूड करण्याचा उपयोग एकच, लपवणं सोपं होतं. सत्तर वर्षं आमच्या घरी जे हत्यार गावाला माहीत होतं, ते लपवायचं कोणापासून?

निकेल. पाणी देण्याआधी पोलाद चाकावर घासून आरशासारखं करतात. वेब्लीच्या अंगावर अक्षरं आहेत. तिचा क्रमांक, आणि बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे बारीक शिक्के. हे प्रूफ हाऊस १८१३ पासून आहे. तिथे प्रत्येक बंदुकीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढतात आणि ती टिकली तरच शिक्का मारतात. चाकावर हे शिक्के आणि क्रमांक पुसट होतात. ओळखीची खूण पुसलेलं शस्त्र जवळ ठेवणं हा आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा आहे. मुलगा म्हणाला, क्रमांकाला धक्का न लावता करता येईल. येईल कदाचित. पण मग ह्यांनी तीन महिने तेलाच्या चिंधीने जो थर वाचवला, तो तू एका दुपारी काढणार, एवढंच मी म्हटलं. तो गप्प बसला.

चाप हलका करणं यावर मात्र आमचा खरा वाद झाला, कारण यंत्र त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. नागपूरच्या मिस्त्रींनी मला एकदा रिकामं रिव्हॉल्व्हर कानाजवळ धरून ऐकवलं होतं. चाप ओढताना घोडा मागे जातो, चक्र एक घर पुढे फिरतं, ते घर नळीच्या बरोबर समोर आलं की खालून एक खुंटी वर येऊन चक्राला अडवते, आणि मगच घोडा सुटतो. हे सगळं अर्ध्या श्वासात, एकापाठोपाठ एक. त्यातला एक भाग कानशीने केसभर कमी केला की बाकीच्यांचा हिशोब चुकतो. घर नळीच्या समोर नीट आलं नाही तर शिशाची गोळी नळीच्या तोंडावर तासली जाते आणि तिचे कपचे शेजारच्या माणसाच्या तोंडावर उडतात. मिस्त्री आयुष्यभर हेच काम करत होते, आणि तेसुद्धा म्हणायचे की चालतंय ना, मग आत हात घालू नका.

अमेरिकेतलंच एक उदाहरण मुलाने स्वतः शोधून काढलं, हे त्याचं कौतुक. लढाईतली मोठी वेब्ली, .४५५ बोरची मार्क सिक्स, १९१५ ची. महायुद्धांनंतर ती जहाजं भरभरून अमेरिकेत स्वस्तात विकली गेली. तिची काडतुसं तिकडे सहज मिळेनात, तेव्हा लोकांनी चक्राची मागची बाजू घासून .४५ ऑटोमॅटिकची काडतुसं बसतील अशी सोय केली. काडतूस बसलं. पण त्या काडतुसाचा दाब ज्या दाबासाठी वेब्ली बनली त्यापेक्षा कितीतरी जास्त. आज तिकडचे जाणकार अशी घासलेली वेब्ली कारखान्याच्या पूर्ण ताकदीच्या काडतुसावर चालवू नका म्हणून सांगतात, आणि न घासलेली, मूळ स्थितीतली वेब्ली जास्त किमतीला जाते. आपल्याकडे तर विचारूच नका. परदेशी रिव्हॉल्व्हरची सर्वसामान्य माणसासाठी आयात बंद झाल्यापासून जुन्या .३२ वेब्लीला सोन्यासारखे जपतात. आपल्या कानपूरच्या सरकारी कारखान्याने नव्वदीच्या दशकात .३२ रिव्हॉल्व्हर काढलं, ते या वेब्लीच्याच वळणाचं आहे. २०१४ मध्ये बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं, किंमत लाखाच्या वर. कोणत्या बाईला ते परवडणार होतं देव जाणे. आमच्या भागातल्या मोहफूल वेचणाऱ्या बाईला तर वाघाची भीती असते, आणि वाघासाठी .३२ म्हणजे फुटाणा!

असो. मुद्द्यावर येते.

मुलाने मग हुकमी पान काढलं. म्हणाला, "आई, आजोबांनी मूठ बदललीच होती ना? ते चालतं, मी केलं तर का नाही?"

प्रश्न रास्त होता. मला दोन दिवस लागले. मामाजींनी जे बदललं ते त्यांच्या अधू हाताला हत्यार नीट धरता यावं म्हणून. त्याने नळी तीच राहिली, नंबर तोच राहिला, गोळी जिथे जायची तिथेच गेली. मूठ ही धरणाऱ्याची असते. पण नळी, चक्र, चाप यांचा संबंध समोरच्या माणसाशी आहे, आणि त्यावर नुसता घरमालकाचा हक्क नाही. परवाना दिला आहे तो त्या समोरच्या माणसाच्या वतीने सरकारने दिला आहे. मी हे फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ फक्त प्रेशर कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या.

मुलीचं म्हणणं निराळं होतं, आणि खरं सांगायचं तर जास्त महत्त्वाचं. तिला नळीबिळीशी घेणं नाही. ती म्हणाली, दादाच्या घरात सहा वर्षांचं पोर आहे. आपल्या वाड्यात भिंतीत बसवलेली तिजोरी होती आणि किल्ली बाबांच्या जानव्याला. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दादा ते कुठे ठेवणार, कपड्यांच्या कपाटात? तिने सही करायला सरळ नकार दिला. मुलगा चिडला. महिनाभर बहीण-भाऊ बोलले नाहीत. राखीला बोललेच नाहीत, हे मला जास्त लागलं. राखी कुरियरने गेली.

मधल्या काळात मुलाने केलं ते असं. त्याने शस्त्र आणि काडतुसांच्या सुरक्षेचं प्रशिक्षण पुरं केलं. २०१६ च्या नियमांनी ते अर्जदाराला सक्तीचंच आहे, पण तो गेला तो तक्रार करत आणि आला तो जरा शांत होऊन. तिथे त्याला एकाने विचारलं होतं की तुमच्या घरात मुलं किती, आणि ती कुठवर हात पोचवतात. घरी येऊन त्याने टेप घेतला आणि खुर्चीवर उभ्या पोराचा हात कुठवर पोचतो ते मोजलं. मग भिंतीत चार बोल्ट मारून लोखंडी पेटी बसवली, काडतुसांसाठी दुसरी, दुसऱ्या खोलीत. दोन्हीचे फोटो त्याने बहिणीला पाठवले. तिचं उत्तर आलं, "किल्ली कोणाकडे?" सूनबाईने लिहिलं, "माझ्याकडे." त्यावर मुलीने अंगठा पाठवला आणि मागच्या आठवड्यात नागपूरहून सही केलेला कागद आला.

माझी सही मी काल केली. कागदाच्या मागे, सरकारी मजकुराच्या बाहेर, पेन्सिलीने लिहिलं आहे: नळी नाही, निकेल नाही, आतल्या यंत्राला हात नाही, बिघडलं तर परवान्याच्या मिस्त्रीकडे. याला कायद्याने काही अर्थ नाही, वकीलसाहेब बघून हसले. पुण्याला पोलीस आयुक्तांकडे अर्ज, मग चौकशी, मग इकडचा अहवाल. किती महिने लागतील सांगता येत नाही. मिळणारच असंही नाही. नाही मिळाला तर विक्रेत्यामार्फत विकून टाकायचं, हेही आमचं तिघांचं ठरलं आहे, कोणाचा रुसवा न ठेवता.

रात्री मुलाचा फोन आला. मुठीचं विचारत होता. मामाजींच्या शिसवीच्या पट्ट्या त्याच्या हातात टोचतात, त्या काढून जपून ठेवू आणि नव्या करू का म्हणून. त्या सुताराचा नातू आरमोरीत फर्निचरचं दुकान चालवतो, दिवाण आणि ड्रेसिंग टेबलं करतो. त्याला विचारलं तर म्हणाला, आजोबांसारखं मातीचं माप मला जमेल की नाही सांगता येत नाही, पण लाकूड आहे. परवाना आला, तर मुलाला म्हटलं, स्वतः येऊन हात दाखव.